कोयत्यामागची पोरं

दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, पाथर्डी भागातल्या वस्त्यांवर कुलपे दिसू लागतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि खर्चूनही गेलेली असते. बोंडअळीने कापूस खाल्ला, ज्वारीने खर्च काढला नाही, की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघतो. ही माणसे परकी नाहीत. त्यांत भूमिहीन आहेत, तसे दोन-तीन एकरांचा सातबारा असलेले आपले भाऊबंदही आहेत.

उचलीचा हिशेब दोघांचा. मागून येणाऱ्या पोरांचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. गेल्या हंगामात एका फडावर बारा वर्षांची मुलगी कोपीपुढे भाकरी थापत होती, धाकटा भाऊ पाचटात खेळत होता. कितवीत आहेस विचारले, तर म्हणाली, "सहावीत होते." गावच्या हजेरीपटावर तिचे नाव अजून आहे.

कायदा कमी नाही. ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत, सक्तीचे शिक्षण देणारा २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानंतर कारखान्यांवरच्या साखरशाळा मागे पडल्या आणि मुलांना गावातच ठेवायचे धोरण आले. त्यासाठी हंगामी वसतिगृह. नाव मोठे, काम साधे: मूल रात्री आजीकडे झोपते, शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवते. २०२१ साली सरकारने ४१ तालुक्यांत ८२ निवासी वसतिगृहेही जाहीर केली, प्रत्येकी १०० मुलांची. म्हणजे सगळी भरली तरी ८,२०० मुले. तोडीला जाणारी माणसे लाखांनी मोजावी लागतात.

हंगामी वसतिगृहाची योजना चांगली आहे, पण वाफसा गेल्यावर तिफण जुंपण्यातली गत होते. आमच्या पाहण्यातल्या गावांत मंजुरी येईपर्यंत ट्रक निघून गेलेले असतात. आजीच्या घरात डाळ-तांदूळ नाही, मग आई पोराला मागे ठेवणार कशाच्या भरवशावर? वयात आलेल्या मुलीचे तर आणखी अवघड. तिला एकटी ठेवायची भीती खोटी नाही, आणि तिच्यावर उपाय म्हणून शाळेतून काढून लग्न लावून दिले जाते. आपल्याच मांडवात, आपणच अक्षता टाकतो.

भाव मिळाला तर कोयता सुटेल, हे आपण सांगत आलो आणि ते खरेच आहे. पण भावाची वाट बघत सहावीतली पोर थांबत नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कोण जाणार, कोणाची किती मुले, मागे कोण राहणार याची यादी करा. ठराव घ्या, दसऱ्याआधी चूल पेटली पाहिजे असे त्यात लिहा. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या, पोहोच घ्या. दुसरी जिल्हा बैठकीला घेऊन या. मायबहिणींनी यादीत मुलींची नावे स्वतः वाचून बघावीत, ती गाळली जातात.