तिला बाद होऊ द्या

शोळिंगनल्लूरच्या आमच्या संकुलात मराठी घरं मोजून एकवीस. बहुतेकांना इथे ओएमआरवरच्या आयटी कंपन्यांनी आणलं. मुलांची शाळा इंग्रजीत, खेळ तमिळमध्ये आणि रागावून घेणं मराठीत. त्यांच्या मराठीसाठी महिन्यातून एकदा क्लबहाउसमध्ये सिनेमा दाखवायचा, त्याला मराठी सबटायटल्स द्यायची, असा उपक्रम सुरू झाला. मी अनुवादक, त्यामुळे सबटायटल्स माझ्याकडे. या खेपेला ‘नॅशनल व्हेल्वेट’ ठरला. 1944 चा, क्लॅरन्स ब्राउन यांचा. बारा वर्षांची एलिझाबेथ टेलर आणि तिचा घोडा.

उपक्रम चालवणाऱ्या काकांनी माझ्याकडे दोन मागण्या केल्या. काका सज्जन आहेत, पदरचे पैसे घालून समोसे आणतात, म्हणून आधीच सांगते की माझं भांडण त्यांच्याशी नाही, मागण्यांशी आहे. पहिली मागणी अशी की मुलीचे वडील खाटीक आहेत, तिथे ‘दुकानदार’ लिहावं. दुसरी, शेवटचा भाग कापावा. “ताई, ती शर्यत जिंकते तिथेच थांबू या. मुलं आनंदात घरी गेली पाहिजेत. जिद्दीची गोष्ट आहे ना!”

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडातल्या एका खेड्यात व्हेल्वेट ब्राउनला सोडतीत एक उधळ्या घोडा मिळतो. हा घोडा ग्रँड नॅशनल जिंकेल, असं तिच्या मनात बसतं. ग्रँड नॅशनल म्हणजे एन्ट्रीची अवघड अडथळ्यांची शर्यत. प्रवेशाच्या पैशांसाठी आई आपल्या सोन्याच्या शंभर नाण्यांची पुरचुंडी सोडते. कधी काळी इंग्लिश खाडी पोहून गेल्याबद्दल तिला ती बक्षीस मिळालेली असतात. ठरलेला जॉकी ऐन वेळी नकोसा होतो. मुलगी केस कापते, मुलग्याच्या वेषात घोड्यावर बसते आणि पहिली येते. अंतिम रेषा ओलांडल्यावर, नियमानं जिथे उतरायचं तिथे पोचण्याआधीच, ती घोड्यावरून पडते. डॉक्टर तपासायला येतात आणि ही मुलगी आहे हे उघड होतं. निकाल एका शब्दाचा: बाद.

काकांना नको आहे तो एवढाच भाग. मला वाटतं, सिनेमा तिथे आहे. त्याच्या आधीचं सगळं घोड्यावरच्या प्रेमाचं, सुंदर, टेक्निकलर. पण तसे सिनेमे पुष्कळ आहेत. पहिली आलेली मुलगी बाद होते आणि घरचं कुणीही ‘तू हरलीस’ म्हणत नाही, असे किती आहेत?

‘जिद्द’ या शब्दाचा मला अलीकडे धसका बसला आहे. मराठीत मुलींवरचं कुठलंही पुस्तक घ्या, मलपृष्ठावर तो असतोच. मी अनुवादलेल्या दोन पुस्तकांवरही तो आहे, माझ्या नाकावर टिच्चून. जिद्द म्हटलं की सगळा हिशेब मुलीच्या मनाशी लागतो. ती कमी पडली तर जिद्द कमी, पोचली तर जिद्द पुरेशी. दार बंद कुणी केलं होतं आणि किल्ली कुणाच्या खिशात होती, हे विचारायची गरज उरत नाही. व्हेल्वेटकडे जिद्द भरपूर होती. आड आलं ते नियमांचं पुस्तक. शेवट कापला की नियम कापला जातो आणि उरते ती भिंतीवर लावायची तसबीर.

सबटायटल्स करताना आपली भाषाही मला फारशी मदत करत नव्हती. घोडदौड, घोडामैदान हे शब्द मर्दुमकीचे. मुलीजवळ घोडा आणला की मात्र शब्द शिवी होतो. ‘एवढी घोडी झालीस तरी अक्कल नाही’ हे मी लहानपणी आठवड्यातून दोनदा ऐकलं आहे. ‘घोडा झालास’ भावानंही ऐकलं, खरं आहे. पण पंचविशी ओलांडलेल्या मावशीला लोक घोडनवरी म्हणत. तिशीतल्या मामाला घोडनवरा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. लग्नातल्या घोड्यावर तोच बसला. ‘जॉकी’ तर आम्ही पुरुष धरूनच उसना घेतला. ‘जॉकी पडली’ असं लिहिल्यावर माझीच नजर क्षणभर अडखळली.

(घोड्याच्या नावाचीही गंमत आहे. इनिड बॅगनोल्डच्या 1935 च्या कादंबरीत तो अबलख आहे, इंग्रजीत पायबाल्ड, म्हणून नाव ‘द पाय’. सिनेमातला घोडा अंगभर तांबूस. मग नावाला आधार म्हणून तो ‘पायरेट’, म्हणजे चाच्या, असल्याचं कारण शोधलं गेलं. मूळ कलाकृतीला इतकं धडधडीत वळण देणाऱ्यांनीही शेवटाला हात लावला नाही, हे काकांनी ध्यानात घ्यावं.)

यावर हमखास उत्तर येतं: आपल्याकडे झाशीची राणी आहे, कोल्हापुरात ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे, घोड्यावरची बाई आपल्याला नवी नाही. बरोबर. पण त्या दोघी घोड्यावर आहेत त्या राज्यासाठी, आणि लक्ष्मीबाईंच्या पाठीशी तर मूलही बांधलेलं. कर्तव्यासाठी दौडणारी बाई आपल्याला चालते, चौकाचौकांत चालते. व्हेल्वेट ना देशासाठी धावते ना वंशासाठी. तिला आपला घोडा किती पळतो ते बघायचं आहे. अशा मुलीचा पुतळा मला तरी कुठल्या चौकात दिसलेला नाही.

इतिहासानं या सिनेमाची साक्ष कशी काढली तेही पाहण्यासारखं आहे. तो पडद्यावर आला तेव्हा युद्धामुळे ग्रँड नॅशनल बंदच होती. स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा ब्रिटनमध्ये 1975 साली झाला आणि 1977 मध्ये शार्लट ब्रू ही त्या शर्यतीत उतरणारी पहिली स्त्री ठरली. ती शर्यत पुरी करू शकली नाही. घोडा शेवटाकडच्या एका अडथळ्याशी अडला. जेराल्डिन रीस 1982 मध्ये शेवटपर्यंत पोचली. रेचल ब्लॅकमोर 2021 साली जिंकली, तेव्हा करोनामुळे स्टँड रिकामे होते. सिनेमातल्या मुलीपासून खऱ्या बाईपर्यंत 77 वर्षं. याला वरातीमागून घोडं म्हणतात. हा उशीर जिद्द कमी पडल्यामुळे झाला, असं कुणी म्हणेल का?

आणि हे सगळं दूरच्या इंग्लंडातलं आहे, असंही नाही. आमच्या ओएमआरवरून उत्तरेला जाऊन गिंडी गाठलं की मद्रास रेस क्लबचं मैदान येतं. घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल याच क्लबच्या खटल्यातला. सप्टेंबर 2024 मध्ये थकबाकीवरून राज्य सरकारनं 1946 चा भाडेपट्टा रद्द केला, दीडशेहून अधिक एकरांचं ते मैदान ताब्यात घेतलं आणि वाद न्यायालयात गेला. कोण बरोबर, हा माझा विषय नाही. माझा विषय रूपा सिंग. भारतातली पहिली व्यावसायिक महिला जॉकी म्हणून ज्यांची ओळख आहे, त्या याच शहरातल्या, घोड्यांच्या प्रशिक्षकाच्या घरात वाढलेल्या. आमच्या एकवीस घरांत मी विचारत फिरले. नाव एकालाही माहीत नव्हतं. एलिझाबेथ टेलर सगळ्यांना माहीत.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे चोख उत्तर नाही. शेजारच्या तमिळ बाई, पशुवैद्य आहेत, म्हणाल्या, मुळात मुलांना ही शर्यत दाखवायचीच कशाला? त्या अडथळ्यांवर घोडे पडतात, मरतात. अलीकडे 2024 पासून घोड्यांची संख्या चाळिसावरून चौतिसावर आणावी लागली. चाबूक आहे, सट्टा आहे. हे मला मान्य आहे, आणि या कारणासाठी कुणी अख्खा सिनेमा रद्द केला तर मी भांडणार नाही. घोड्याच्या बाजूनं सिनेमा नाकारणं निराळं आणि मुलीच्या हितासाठी म्हणून तिचाच शेवट कापणं निराळं.

मी काम करत होते तेव्हा माझी लेक मागे उभी राहून पाहत होती. ती बारा वर्षांची, व्हेल्वेट झालेल्या एलिझाबेथ टेलरएवढी. निकाल लागल्यावर तिनं विचारलं, “मग कप कुणाला?” म्हटलं, दुसऱ्या आलेल्याला मिळत असेल. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “पण त्याला तर माहितीये ना, तो दुसरा आला ते.”

फाईल मी काल काकांना पूर्ण पाठवली, ‘बाद’सकट. शेवट कापायचाच असेल तर कात्री त्यांनी स्वतः चालवावी आणि सबटायटल्सवरचं माझं नाव काढून टाकावं. खाटीक मात्र खाटीकच राहील.