संग्रहालयाला माणूस हवा

सप्तापूर बावीपासून कोणत्याही बाजूला चालत गेलात तरी शिकवणी वर्गांच्या पाट्या मोजायला हाताची बोटे पुरत नाहीत. के.ए.एस., पी.एस.आय., बँक, रेल्वे! खेड्यापाड्यांतून आलेली मुले येथे खोल्या घेऊन राहतात आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यास करतात. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. आम्ही स्वतः अशाच एका परीक्षेच्या जोरावर बँकेच्या खुर्चीत बसलो. पण एवढ्या पाट्यांत संग्रहालयशास्त्राची पाटी काही आम्हाला दिसली नाही. आणि आपल्या जुन्या घरांत एखाद्या नातीने "मला म्युझियममध्ये काम करायचे आहे" असे म्हटले, तर आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तिकिटे फाडणार का गं?"

आजोबांना आमची विनंती आहे की मुंबईस जाणे झाले तर त्यांनी राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकदा पाहावे. डॉ. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. त्यांनी, नाना शंकरशेट यांनी आणि इतर मंडळींनी खटपट करून, वर्गणी जमवून हे संग्रहालय उभे केले. आजची इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा नाव होते व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव दिले गेले. नाव बदलले, पण दशा बदलली नाही. छत गळत होते, कपाटांत धूळ होती, आणि जाणारा-येणारा बागेतील प्राणी पाहून परस्पर निघून जात असे.

२००३ साली मुंबई महापालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. त्यामागे तस्नीम झकेरिया मेहता या बाईंची चिकाटी होती. इमारतीच्या कामासाठी विकास दिलावरी यांच्यासारखे जाणते वास्तुविशारद लाभले. चुना, लाकूड, रंगीत फरशी, सोनेरी नक्षी असे सगळे मूळ रूप शोधून पुन्हा आणले गेले, वस्तू एकेक करून स्वच्छ व दुरुस्त केल्या गेल्या. २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की मेहताबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मानद संचालक म्हणून पुढे अनेक वर्षे त्यांनी तेथे आजच्या चित्रकारांना बोलावले, शाळांची मुले आणली. अतुल दोडिया यांनी २०१४-१५ साली तेथे 'सेव्हन थाउजंड म्युझियम्स' या नावाचे प्रदर्शन मांडले. सात हजार संग्रहालये! नुसत्या नावानेच आमच्यासारख्या हिशेबी माणसाचे डोके चालू लागते. सात हजार संग्रहालये म्हणजे निदान सात हजार अभिरक्षक, तितकेच संवर्धक, नोंदणी करणारे, मुलांना समजावून सांगणारे. ही माणसे कोठून येणार?

हे काम नेमके असते काय, तेही सांगतो. बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. संग्रहालयातही तसेच एक मोठे रजिस्टर असते. वस्तू कोठून आली, कोणी दिली, कोणत्या साली, त्या दिवशी तिची अवस्था कशी होती, आज कोणत्या कपाटात आहे, हे सर्व त्यात लिहावे लागते. नोंद नसलेली वस्तू उद्या नाहीशी झाली तरी ती गेली असे सिद्ध कसे करणार? शिवाय कापडाला उजेड सोसत नाही, कागदाला दमट हवा सोसत नाही, लाकडाला वाळवी लागते. धारवाडच्या पावसाळ्यात यातले काहीही सांगायला नको. मांडणी आणि उद्घाटने यानंतरची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग १९५२ पासून आहे. बडोदा काही आपल्याला परके नव्हे.

पदवी नसतानाही आयुष्य यात घालणारे झाले. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजेच कवी अज्ञातवासी, चष्म्याचे दुकान चालवता चालवता दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये गोळा करीत गावोगाव हिंडले. लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि पुढे तो सगळा शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे वीस हजारांवर वस्तू आहेत, पैकी मांडलेल्या सुमारे अडीच हजारच. बाकीच्या पेटाऱ्यांत. म्हणजे केळकरांसारख्या वेड्याचे काम संपले की पगारी, शिकलेल्या माणसाचे काम सुरू होते, आणि ते कधी संपत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. धारवाडात काही नाही असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. १९३९ साली मुंबई सरकारच्या अमदानीत येथे कन्नड संशोधन संस्था निघाली. तिचे संग्रहालय कर्नाटक विद्यापीठात आहे. हलभावी मास्तरांच्या चित्रशाळेतून कित्येक चित्रकार घडले. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे 'मृत्युंजय' हे घर स्मारक म्हणून जपले आहे. साधनकेरीला बेंद्र्यांचे घर आहे. आपल्यापैकी कितीजण आपल्या मुलांना यांपैकी एका तरी ठिकाणी घेऊन गेले आहेत? मुंबईचे पाहुणे आले की त्यांना आपण पेढे देतो आणि स्टेशनवर सोडतो.

काही मंडळी म्हणतील, आपण मराठी संग्रहालयच वेगळे मागावे. आमचे मत उलट आहे. मन्सूरांनी वचने गायली आणि नाट्यपदेही गायली. बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले. या गावाच्या वस्तूंची वाटणी भाषेने करायला बसलो तर अर्ध्या वस्तू कोणत्या बाजूला ठेवायच्या हेच ठरणार नाही. संग्रहालय गावाचे असावे, त्यात आपले दालन असावे, आणि मोडी कागद वाचणारा एक माणूस तेथे नोकरीस असावा.

हे आजच बोलण्याचे कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडसाठी वेगळ्या महानगरपालिकेला मंजुरी दिली. रस्ते, पाणी, कचरा यांविषयी सर्वजण बोलतील आणि बोलावेच. भाऊ दाजींचे संग्रहालयही महापालिकेचेच आहे, हे आपल्या उमेदवारांना कोणी सांगायचे? आमचे म्हणणे असे की मंडळाने मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला लेखी विचारावे: शहराच्या संग्रहालयासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष ठेवाल का? प्रशिक्षित अभिरक्षकाचे कायम पद निर्माण कराल का? नुसती इमारत नको. कंत्राटदाराला इमारत आवडते, आम्हाला पद हवे आहे. उत्तरे या पत्रकात जशीच्या तशी छापावीत.

आणि तोवर माळ्यावरचे पाहा. मोडीतील खतपत्रे, समया, पणजीचे लुगडे, मुंबई इलाख्याच्या काळातील फोटो, वतनाचे कागद. वाडा पाडून अपार्टमेंट होताना हे किलोच्या भावाने भंगारात जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वस्तू कोणाला देऊ नका, आत्ताच मुळीच नको. आपल्या घरीच राहू द्या. मंडळाच्या कार्यालयात एक जाड वही ठेवावी अशी आमची सूचना आहे. तिच्यात वस्तूचे नाव, घराण्याचे नाव, कोणाच्या वेळेपासून घरात आहे आणि एक फोटो, एवढेच असावे. रकाने आखून देण्याचे काम आम्ही करू. रविवारी सकाळी दोन तास वहीपाशी बसायला दोघी-तिघी कॉलेजच्या मुली मिळाल्या तर बरे, आणि शेजारी मोडी येणारे एखादे आजोबा.