उताऱ्यामागचा परवाना कुणाच्या नावावर आहे?

प्रति,
सेवा सहकारी संस्था, पतसंस्था व धान खरेदी करणाऱ्या संस्थांची संचालक मंडळे, जिल्हा भंडारा;
तसेच या संस्थांना संगणक प्रणाली विकणारे सर्व व्यावसायिक



खरिपाचा धान निघाला की पवनीपासून तुमसरपर्यंत संस्थांच्या कचेरीतला प्रिंटर थांबत नाही. काटापावती, चुकाऱ्याची यादी, पीककर्जाच्या वसुलीचा तक्ता, आणि मार्च सरला की तेरीज नि ताळेबंद. हे कागद विकत घेतलेल्या प्रणालीतून निघतात, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. प्रणाली लिहिणारा हिशेबाचा भाग स्वतः लिहितो. आकडे पानावर मांडून त्यांची पीडीएफ करणारा भाग मात्र तो बहुधा तिसऱ्याकडून आणतो. क्रिस्टल रिपोर्ट्स, जास्पर रिपोर्ट्स, फास्टरिपोर्ट ही त्यातली नेहमीची नावं. मीही याच धंद्यातला आहे आणि अशी साधनं वापरण्यात काहीच वावगं नाही. पण त्या तिसऱ्याच्या अटी संस्थेच्या करारात लिहिलेल्या मला क्वचितच दिसतात. त्यासाठी हे पत्र.

रिपोर्टचं साधन विकत घेतलं म्हणजे ते हवं तिथं बसवायचा हक्क मिळाला, असं होत नाही. एक परवाना असतो प्रोग्रॅमरसाठी, त्याच्या मशीनवर रिपोर्टची मांडणी करायला. दुसरा, ते साधन आपल्या प्रणालीत घालून गिऱ्हाइकाला देण्याचा. तिसरा, ते सर्व्हरवर ठेवून अनेक शाखांना एकाच वेळी पुरवण्याचा. क्रिस्टल रिपोर्ट्स पूर्वी व्हिज्युअल बेसिकसोबतच यायचं, त्यामुळे प्रोग्रॅमरांच्या एका पिढीला ते फुकटच वाटत आलं. काउंटरवरच्या एका संगणकापुरतं चाललेलं काम पुढं इंटरनेटवर गेलं, शाखा जोडल्या गेल्या, पण परवाना पुन्हा कुणी वाचला नाही.

अटी मध्येच बदलतातही. पीडीएफ बनवणारं आयटेक्स्ट हे साधन आधी बऱ्याच सैल परवान्याखाली मिळत असे. २००९ च्या अखेरीस पाचव्या आवृत्तीपासून ते एजीपीएल परवान्याखाली गेलं. म्हणजे ते आपल्या प्रणालीत घालून सेवा द्यायची, तर वापरणाऱ्यांना आपल्या प्रणालीचा सोर्स कोडही खुला करायचा, नाहीतर पैसे भरून व्यापारी परवाना घ्यायचा. परवाना असा बदलण्याचा हक्क कंपनीला होताच. एक्सेलच्या फायली बनवणाऱ्या ईपीप्लसनं २०२० मध्ये पाचव्या आवृत्तीपासून व्यापारी वापराला पैसे लावले. ज्यांनी आवृत्ती न बघता नवी फाइल उतरवून घेतली, त्यांच्या गिऱ्हाइकांना आपण परवान्याबाहेर गेल्याचा पत्ताही नसेल.

आता यातली आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. आयटेक्स्टची २.१.७ ही शेवटची सैल आवृत्ती. जास्पर रिपोर्ट्स वर्षानुवर्षं तिच्यावरच चाललं. तिला देवनागरी नीट जुळवता येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं पडते, जोडाक्षरं फुटतात. सिहोरा, दिघोरी, अड्याळ ही गावांची नावं आणि मेश्राम, शिवणकर ही आडनावं अशा पीडीएफमध्ये मोडून पडतात. आयटेक्स्टनं पुढं देवनागरी जुळवणारं पीडीएफकॅलिग्राफ काढलं, पण त्याचे पैसे वेगळे. मग विक्रेता सोपी वाट धरतो: सगळं इंग्रजीत छापतो, किंवा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये नावं भरतो आणि ती नावं पुढं शोधताच येत नाहीत. शेतकऱ्याला स्वतःचं नाव धड वाचता न येणारा उतारा मिळतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं आहे. अक्षरं जुळवणारं हार्फबझ मुक्त आहे आणि ते क्रोम ब्राउझरमध्ये, लिबरऑफिसमध्ये आधीच बसलेलं आहे. मुक्त, लोहित, नोटो हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, प्रणालीबरोबर बिनधास्त वाटता येतात. विंडोजसोबत येणारा मंगल तसा उचलून वाटता येत नाही.

हा प्रश्न विक्रेत्याचा, आमचा नाही, असं म्हणून सुटका होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला त्याच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा आणि शुल्क भरून त्यांच्या नकला महिन्याभरात मिळवण्याचा हक्क आहे. ती नकल देण्याची जबाबदारी संस्थेची. रिपोर्टच्या साधनाची मुदत संपली, वार्षिक देखभालीच्या करारावरून (एएमसी) वाद झाला, विक्रेत्यानं लायसन्स की बंद केली, अशी कारणं कायदा ऐकत नाही. दुसरीकडे कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६३ब नुसार प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाराही गुन्हेगार ठरतो: किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. व्यापारी फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकतं, पण त्या भरवशावर संस्था चालवायची का?

सेवा सहकारी संस्था आता केंद्राच्या प्रकल्पात जात आहेत. जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांचा, ६३,००० संस्थांना एका समान प्रणालीवर आणणारा प्रकल्प मंजूर झाला. त्याचं काम नाबार्डकडे आहे. म्हणून त्यांची काळजी मिटली असं समजू नका. जुन्या प्रणालीतले उतारे पुढची कित्येक वर्षं लागणार आहेत, कर्जदाराच्या वादात आणि वसुलीच्या दाव्यात. जुना विक्रेता निरोप घेण्याआधी ते कागद छापता येत राहतील याची सोय लेखी घ्या. पतसंस्था तर आजही आपापली प्रणाली बाजारातूनच घेतात.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे की दरपत्रकात हा खर्च उघड लिहा. प्रणालीत कोणकोणती बाहेरची साधनं आहेत, प्रत्येकाची आवृत्ती कोणती, परवाना कोणता, किती शाखांना पुरतो आणि कुणाच्या नावावर आहे, हे एका पानात मावतं. संचालकांनो, ते पान कराराला जोडल्याशिवाय सही करू नका. परवान्यावरून दावा झाला तर भरपाई विक्रेता देईल आणि करार संपला तर रिपोर्टच्या मांडणीच्या फायली संस्थेच्या ताब्यात येतील, ही दोन वाक्यं त्यातच घालून घ्या. सगळ्यात कमी दराची निविदा निवडण्याची आपली सवय इथं महागात पडते. तो दर कमी असण्याचं कारण कधी कधी न भरलेला परवाना हेच असतं.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची असते. तिच्या आधीच्या मंडळ सभेत हा विषय घ्या, सध्याच्या विक्रेत्याकडून ते पान लेखी मागवा, आणि त्याच्यासमोर सिहोऱ्याच्या किंवा अड्याळच्या एखाद्या सभासदाचा उतारा पीडीएफमध्ये काढायला सांगा.

आपला,
सहकारी संस्थांसाठी प्रणाली लिहिणारा एक सभासद
भंडारा