कौतुक रविवारचं, हाल सोमवारचे

नाशिकला सायकलीचं फार कौतुक आहे, पण ते रविवारचं. सोमवारी सकाळी त्याच शहरात सायकलवरून कामाला निघालेल्या माणसाला कुणी हिंग लावूनही विचारत नाही.

२०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. जवळपास ४,८०० किलोमीटर! त्याचा मला आजही अभिमान वाटतो. इथले सायकलस्वार दरवर्षी पंढरपूरची सायकलवारी करतात, तिला झेंडा दाखवायला पुढारी येतात. जरूर यावं. पण सिडकोतून सातपूरला जाणाऱ्या कामगाराच्या सायकलीसाठी दोन मीटर रस्ता मागताना यातला एकही पुढारी मला दिसलेला नाही.

मी रोज त्याच वाटेने कामावर जातो. अंबड-सातपूर लिंक रोडवर सायकलवाल्याच्या वाट्याला रस्त्याची डावी कड येते, आणि शहराने जे जे टाकून दिलंय ते सगळं त्या कडेलाच असतं. डांबराचे थर चढत गेले, चेंबरची झाकणं होती तिथेच राहिली. आता प्रत्येक झाकण म्हणजे वीतभर खोल खड्डा. केबलसाठी खणलेला चर मुरूम टाकून बुजवतात, तो पहिल्याच पावसात खचतो. पुढे टेम्पो उभा, त्याच्या पुढे रिक्षा. म्हणून हँडल उजवीकडे वळवायचं, तर मागून कंटेनर. क्लीनरच्या बाजूला चिकटून चाललेली सायकल कंटेनरच्या ड्रायव्हरला दिसतच नाही. तो हॉर्न देतो आणि पुढे घुसतो. सायकलवाल्याने जायचं कुठे? मुरमाच्या चरात. पावसाळ्यात पहिल्या पाळीला निघालेला माणूस साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की नाही हे चाक आत गेल्यावरच ओळखतो.

या रस्त्यावर माझ्या पुढे-मागे जे असतात त्यांच्या अंगावर जर्सी नसते. हँडलला डब्याची पिशवी, पायात कंपनीचे बूट. कंत्राटी हेल्पर, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांना पहिल्यांदाच विचारलं गेलं, कामावर कसे जाता? देशभरात सुमारे १३ टक्के लोकांनी सायकल सांगितली. त्यातल्या बहुतेकांनी पर्यावरणासाठी सायकल धरलेली नाही, पेट्रोल परवडत नाही म्हणून धरलीय. म्हणूनच त्यांची दखल कुणी घेत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सायकलीचा मार्ग बांधताच येत नाही असंही नाही. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड सायकल ट्रॅकसकट झाला. काम रेंगाळलं, लोकांनी धूळ खाल्ली, आणि शेवटी त्या ट्रॅकवर दुचाक्या उभ्या राहिल्या. त्या उचलायला यंत्रणा नाही. शिवाय तो ट्रॅक कामगार वस्तीलाही जोडलेला नाही आणि एमआयडीसीलाही नाही. मधेच सुरू होतो, मधेच संपतो. असल्या ट्रॅकवरून कामाला कोण जाणार?

कंपन्यांचीही तीच तऱ्हा. साहेबांच्या गाड्यांना पत्र्याचं छत. सायकल गेटबाहेर भिंतीला टेकवा, गेली तर जबाबदारी तुमची. घामाने भिजून आलेल्या माणसाला शर्ट बदलायला आडोसा मिळत नाही. याला पैसा लागत नाही, माणूस मोजायची दानत लागते.

रस्ते माणसांसाठी हवेत, वाहनांसाठी नव्हे, असं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच सांगितलं. आता २०२७च्या सिंहस्थासाठी नाशिकचे रस्ते खणले जाताहेत, रुंद होताहेत. सिडको, अंबड आणि सातपूरच्या रस्त्यांवर दगडी कठडा घालून सायकलीचा वेगळा मार्ग काढायचा तर तो आत्ताच. पुढचा सिंहस्थ थेट २०३९ साली.

आणि रविवारच्या सायकलपटूंनो, महापालिकेत तुमचा शब्द ऐकला जातो, आमचा नाही. एका सोमवारी साडेसहाला पपया नर्सरीच्या चौकात या, पहिल्या पाळीच्या लोकांबरोबर सायकल चालवा. मग आयुक्तांकडे आमच्याबरोबर चला.