दाखला हलला, पण बिऱ्हाड हललं का?

शालेय कबड्डीत एक चांगला चढाईपटू संघाचं नशीब पालटतो. म्हणूनच जूनमध्ये दाखला काढून तो दुसऱ्या शाळेत गेला, की तालुका स्पर्धेआधीच कुरबुर सुरू होते: खेळाडू पळवला!

पणाला काय लागतं?
शिरूर, दौंडच्या शाळा पुणे ग्रामीणमधून खेळतात. तालुका जिंकणारा संघच जिल्ह्याला जातो. पुढे विभाग, मग राज्य. याच वाटेवर दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे. चार गावांची पोरं एकाच शाळेनं ओढली, तर बाकीच्यांची वाट तालुक्यातच संपते.

मग बंदीच घालावी?
नाही. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळा बदलण्याचा हक्क २००९ चा शिक्षण हक्क कायदाच देतो. शिवाय रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला येणाऱ्यांची मुलं शाळा बदलणारच. त्यांना मैदानाबाहेर बसवणं अन्यायाचं ठरेल.

निकष काय हवा?
अमेरिकेत अनेक राज्यांत शालेय फुटबॉलपटूनं घर न बदलता शाळा बदलली, तर काही काळ बाहेर बसावं लागतं. आपणही तेवढंच पाहावं. बिऱ्हाड हललं असेल, तर मूल लगेच खेळेल. नुसता दाखला हलला असेल, तर सांघिक खेळात एक हंगाम थांबेल. कुस्ती, धावणं चालू राहील. निर्णय मात्र स्पर्धेआधी आणि पालकांचं ऐकून व्हावा. आमिष दाखवणाऱ्या शाळेवरही कारवाई हवी. मोठ्यांच्या चढाओढीची शिक्षा एकट्या पोरानं का भोगावी?