फोनची डुलकी आणि आपले अहवाल

१४ अंकी आभा क्रमांक काढला की अन्य रुग्णालयांतील जुने अहवाल डॉक्टरांना आपोआप दिसतात, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. डॉक्टरांनी ते मागितल्यावर संमतीची विनंती आपल्या फोनवर येते. आपण मान्यता दिल्यावरच ते उघडतात. बॅटरी वाचविण्यासाठी फोन मात्र क्वचित वापरलेली अ‍ॅप्स निजवून ठेवतो, आणि ही सूचना वेळेवर पोहोचतेच असे नाही. गुडघेदुखीवर वेदनाशामक लिहिण्यापूर्वी मला मागचे क्रिएटिनिन पाहावयाचे असते. मूत्रपिंडे दुबळी असतील, तर तीच गोळी घातक ठरू शकते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपवरील बॅटरीचे निर्बंध काढावेत, सूचनांना परवानगी द्यावी. नातवंडे हे दोन मिनिटांत करून देतील. आणि कागदी फाइल? ती पिशवीत असू द्यावीच.