"चालता येतं का?" या प्रश्नाचं पुरं उत्तर द्या

उलव्याच्या बाजूच्या वाडीतले आपले एक कार्यकर्ते अपंगाच्या दाखल्यासाठी तपासणीला गेले. डॉक्टरांनी विचारलं, "चालता येतं का?" हे म्हणाले, "हो साहेब, चालतच आलो." खोटं नव्हतं. रिक्षाला पैसे नव्हते म्हणून बस थांब्यापर्यंत चालतच गेले होते. पण वाटेत चार ठिकाणी बसले, उतारावर पोराचा खांदा धरला, रात्री गुडघा भोपळ्यासारखा सुजला. यातलं एक अक्षर बोलले नाहीत. कागदावर आले 30 टक्के. कायद्याला पाहिजेत 40.

आम्हाला यात नुसती डॉक्टरची चूक दिसत नाही. आपली सवयही दिसते. वीटभट्टीवर, बांधकामावर पाय मोडला, हाड वाकडं बसलं, तरी दुसऱ्या हंगामाला आपण कामावर. "नाही जमत" म्हटलं तर मुकादम उचल देत नाही. म्हणून "जमतं" हा शब्द तोंडात बसलाय. तोच शब्द तपासणीच्या खोलीत आपल्याला बुडवतो.

आणि चालायचं कुठं, हेही बघा. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर उतरवला, नदी वळवली, खाजण भरलं. अटल सेतूवर गाडी चढली की वीसेक मिनिटांत मुंबई. त्या पुलावर पायी जायला मात्र मनाई. जुन्या पायवाटा भरावाखाली गेल्या. धड पायाचा माणूस दुभाजकावर चढून पलीकडे जातो. अधू पायाच्यानं काय करावं? तपासणी मात्र गुळगुळीत लादीवर, दहा पावलांत.

पण भावांनो, बायांनो, नियम तेवढ्यावर थांबत नाही. पायाचं अपंगत्व कसं मोजायचं याची नियमावली केंद्र सरकारनं काढली आहे. सांधा किती हलतो, स्नायूत जोर किती, हे तर बघायचंच. शिवाय तोल आणि भार पेलणं बघायला नऊ गोष्टी दिल्यात: सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यावर बसणं, वळणं. आता सांगा, आपलं कुठलं काम उकिडवं बसल्याशिवाय होतं? लावणी, विटा पाडणं, चूल, परसाकडं. म्हणजे ज्यात आपला माणूस अडतो ते कागदावर आहे. ते करून बघा, असं डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे म्हणायचं.

कमी टक्के आले, दाखला नाकारला, तर गप घरी यायचं नाही. नाकारल्याचं कारण लेखी मागायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपील आहे आणि नियमांप्रमाणे त्याला 90 दिवसांची मुदत आहे. दिवस मोजा, कागद पत्र्याच्या पेटीत पडू देऊ नका.

काही साथी म्हणतात, "आपली लढाई जमिनीची, पेन्शनीच्या मागं कशाला लागायचं?" त्यांचं दुखणं आम्हाला कळतं. लाभार्थी झालेला माणूस मोर्चात येत नाही, असा अनुभव आहे. पण दोन गोष्टी सांगतो.

एक, संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मासिक अनुदान 2025 साली 1500 वरून 2500 झालं. ज्याच्या हाती महिन्याला 2500 आहेत तो मुकादमाची उचल घ्यायला दोनदा विचार करील. उचल नाही तर भट्टी नाही, भट्टी नाही तर पावसाळा संपल्यावरही माणूस वाडीत. आणि वाडीत माणूस असला तरच जमिनीचा दावा उभा राहतो.

दुसरी गोष्ट त्याच कायद्यातली. कलम 37 सांगतं की शेतजमीन आणि घरं वाटपाच्या सरकारी योजनांत 5 टक्के वाटा दिव्यांगांचा, त्यातही बायांना अग्रक्रम. त्यासाठी दाखला 40 टक्क्यांचा लागतो. मग हा कागद जमिनीचा नाही तर कशाचा? आणि डोंगरपट्ट्यात वनहक्काच्या दाव्याची पाहणी होते तेव्हा हद्द दाखवायला दावेदार लागतो. जो चढू शकत नाही त्याला डोलीत घालून न्या. पाय अधू म्हणून कुणाची हद्द दुसऱ्यानं दाखवू नये.

आमचं म्हणणं सरळ आहे. ज्याला चालता येत नाही त्यालाच जिल्ह्याच्या गावापर्यंत चालवायचं, हा उलटा कारभार बंद करा. तपासणीचं शिबिर वाडीच्या जवळ घ्या, आणि तिथं उतार, जिना, उकिडवं बसणं सगळं बघा. ही मागणी आपण तहसीलदारांकडे लेखी देणार आहोत.

तोवर प्रत्येक वाडीनं एक काम करायचं. तपासणीला जाणाऱ्याबरोबर एक माणूस द्यायचा. आदल्या रात्री दोघांनी बसून ठरवायचं: किती लांब गेल्यावर थांबावं लागतं, उतारावर काय होतं, उकिडवं बसलं तर उठायला कोण लागतं. आणि डॉक्टरांनी विचारलं, "चालता येतं का?" तर "हो" वर थांबायचं नाही. पुढचं सगळं सांगायचं. त्यात लाज नाही. काम करून पाय गेलाय, चोरी करून नाही.